इंजिनातले तेल किती तापावे?



गळीत हंगाम जवळ आला की शिवारात लगबग सुरू होते. कोयत्यांना धार लागते, बैलांच्या शिंगांना रंग लागतो आणि गाड्या गॅरेजला लागतात. टायर बघून होतात, ब्रेक बघून होतात, हॉर्नसुद्धा वाजवून बघतात. पण इंजिनाच्या पोटात जे पाच-सात लिटर तेल असते, ते काम करताना किती तापते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. म्हणून या अंकात त्याविषयी चार शब्द लिहितो आहोत.

याला कारणही तसेच घडले. आपल्या एका सभासदांची डिझेल पिकअप गेल्या हंगामात ऐन कामाच्या दिवसांत बसली. जाताना उसाची रोपे, येताना खत, आठवड्याच्या बाजाराला भाजीपाला, अशी गाडी अखंड चालू. दीड टनाच्या गाडीत अडीच-तीन टन माल. आधी टर्बो गेला, मागोमाग क्रँकचे बेअरिंग. इंजिनाचे सगळे काम काढावे लागले. गाडी कर्जाची, गाडी थांबली तरी हप्ता काही थांबत नाही. त्यांचे एकच म्हणणे होते, "गाडी तापलीच नाही हो, काटा मधोमध होता." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. काटा पाण्याचा होता, आणि पाणी तापलेच नव्हते. तापले होते ते तेल.

गुऱ्हाळावरून समजून घेऊ

गुऱ्हाळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. काहिलीतला रस शंभर अंशांच्या आसपास उकळू लागतो. पाणी उडत जाते, पाक घट्ट होतो आणि साधारण ११६ ते ११८ अंश सेल्सिअसला गूळ उतरवायची वेळ येते. गुळव्या बुडबुडे बघतो, थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो आणि 'उतरवा' म्हणतो. तिथे चार अंश इकडे-तिकडे झाले तर गूळ एकतर पातळ राहतो, नाहीतर करपतो.

इंजिनातल्या तेलाचेही असेच आहे. ते कमी तापले तर एक नुकसान, जास्त तापले तर दुसरे. फरक इतकाच की काहील उघडी असते आणि इंजीन बंद असते. तिथे गुळव्याची नजर पोचत नाही. तिथे अंश मोजावे लागतात.

तेल करते काय?

तेल फक्त वंगण आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते इंजिनाचे दुसरे पाणी आहे. जाळलेल्या डिझेलच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक चाकाच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुरातून, रेडिएटरमधून आणि तेलातून बाहेर काढावी लागते. पिस्टनच्या खालच्या अंगापर्यंत पाणी पोचत नाही. तिथे बऱ्याच इंजिनांत तेलाचे बारीक फवारे मारलेले असतात. क्रँकच्या बेअरिंगला आणि टर्बोच्या दांड्याला तर आधारच तेलाचा. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि त्याच्या एका टोकाला सहाशे-सातशे अंशांचा धूर असतो. मधे असते ती तेलाची केसाहून बारीक साय.

ही साय टिकते ती तेलाच्या जाडीवर, आणि तापमान वाढेल तशी जाडी उतरते. नेहमीच्या १५ डब्ल्यू-४० तेलाचा हिशोब बघा. जाडी मोजण्याच्या मापात ४० अंशांना ते साधारण १०५ भरते, १०० अंशांना १४ च्या आसपास आणि १२० अंशांना ९ ते १० वर येते. म्हणजे शंभराच्या पुढे नुसते वीस अंश चढले तरी जाडीचा तिसरा हिस्सा गेला.

दुसरी गोष्ट आयुष्याची. तेल गरम हवेशी लागून हळूहळू आंबते, घट्ट होते, त्याचे कीट बनते. ढोबळ नियम असा, की तापमान दर दहा अंशांनी वाढले की हे बिघडणे दुपटीने वाढते. शंभर अंशांवर जे तेल पूर्ण मुदत काढेल, तेच रोज १२० वर चालले तर त्याच्या चौपट वेगाने म्हातारे होईल. गाडीच्या पुस्तकात लिहिलेले किलोमीटर मग कागदावरच राहतात.

नेहमीचे तापमान कोणते?

टर्बो डिझेल पिकअपसाठी पुढचा अंदाज धरून चालावा. हे आकडे ऑइल सम्पमधल्या तेलाचे आहेत.

१) ७० अंशांच्या खाली : तेल अजून कोमट. गाडीवर जोर टाकू नये.

२) ९० ते ११० अंश : नेहमीचे, निरोगी तापमान.

३) ११० ते १२० अंश : भरलेली गाडी, चढ किंवा उन्हाळ्याची दुपार असेल तर काही वेळ चालते. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीला इतके दिसले तर काहीतरी चुकते आहे.

४) १२० ते १३० अंश : पाय सैल सोडा, गिअर खाली घ्या.

५) १३० च्या वर : गाडी बाजूला घ्या.

गुळाचा उतार ११८, हे ध्यानात ठेवले की झाले. तिथपर्यंत काळजी नाही. तिथून पुढे तेल करपायच्या वाटेला लागते. मात्र कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा.

पाण्याचा काटा का फसवतो?

पाण्याला थर्मोस्टॅट असतो. तो पाण्याचे तापमान साधारण ८० ते ९५ अंशांत धरून ठेवतो. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दामच असा जुळवलेला असतो, की पाणी पंधरा-वीस अंश वर-खाली झाले तरी तो मधोमधच उभा. चालक घाबरू नये म्हणून ही सोय. पण त्यामुळे बारीक फरक कळत नाही.

तेलाची चाल वेगळी. सकाळी पाणी पाच-सात मिनिटांत तापते, तेलाला पंधरा-वीस मिनिटे लागतात. चढावर तेल पाण्याच्या पुढे निघून जाते आणि चढ संपला तरी सावकाश उतरते. तेव्हा पाण्याचा काटा बघून तेलाची तब्येत सांगणे म्हणजे विहिरीचे पाणी बघून उसाचा उतारा सांगण्यासारखे आहे.

मग तेल कसे मोजावे?

बहुतेक पिकअपना तेलाच्या तापमानाचा काटा नसतो. लाल ऑइल दिवा असतो, पण तो दाबाचा. दाब पुरता पडल्यावर तो लागतो, तापल्यावर नव्हे. मोजायचे तीन मार्ग आहेत.

पहिला, वेगळा काटा बसवून घेणे. ऑइल प्रेशरच्या स्विचजवळ टी-जोड देऊन किंवा सम्पच्या ड्रेन बोल्टच्या जागी सेन्सर बसवून चांगला मिस्त्री हे काम करतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्यावे.

दुसरा, गाडीच्या निदान-सॉकेटला यंत्र लावून आकडा वाचणे. सगळ्याच गाड्या तेलाचा आकडा देत नाहीत; देत असेल तर उत्तम.

तिसरा, बंदुकीसारखा दिसणारा लांबून मोजणारा थर्मामीटर. गाडी सपाटीला, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून उभी करावी आणि सम्पच्या काळ्या रंगाच्या पत्र्यावर नेम धरावा. चकचकीत धातूवर आकडा चुकतो. बाहेरचा पत्रा आतल्या तेलापेक्षा थंडच दाखवणार, म्हणून हा आकडा तुलनेपुरता वापरावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणीही शिरू नये.

मोजून सोडून देऊ नका, वहीत मांडा. जसा आपण पाण्याच्या पाळीचा हिशोब ठेवतो तसा. रिकामी गाडी सपाट रस्त्याला, भरलेली गाडी सपाट रस्त्याला आणि भरलेली गाडी नेहमीच्या चढाला, अशा तीन नोंदी. प्रत्येक वेळी अर्धा तास चालल्यावर, एकाच जागी मोजून. दोन आठवड्यांत तुमच्या गाडीचे 'नेहमीचे' कळेल. पुढे त्याच रस्त्याला, तेवढ्याच मालाला दहा-पंधरा अंश जास्त दिसले, तर बिघाड सुरू झाला असे समजावे. हा इशारा लाल दिव्याच्या कितीतरी आधी मिळतो, आणि सगळा फायदा याच 'आधी'त आहे.

तेल का तापते?

सर्वांत साधे कारण म्हणजे तेल कमी. डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण लिटर-दीड लिटरचा फरक असतो. पाचाऐवजी साडेतीन लिटर तेलाला तेवढीच उष्णता वाहावी लागली तर ते तापणारच. पण वरच्या खुणेच्या पुढे भरले तरी वाईट. क्रँक त्यात घुसळतो, फेस होतो आणि तापमान वाढते.

दुसरे, पाचट आणि धूळ. फडातून फिरणाऱ्या गाडीच्या रेडिएटरची जाळी आठवड्यात भरते. आतल्या बाजूने बाहेर अशी हवा मारून ती साफ करावी. तिसरे, बोअरचे क्षाराचे पाणी. बऱ्याच गाड्यांत तेल गार करणारा ऑइल कूलर रेडिएटरच्याच पाण्यावर चालतो. त्याच्या बारीक वाटांत क्षार बसला की पाण्याचा काटा ठीक आणि तेल मात्र गरम. रेडिएटरला कूलंटच वापरावे. चौथे, जादा माल घेऊन वरच्याच गिअरमध्ये गाडी रेटणे. इंजीन कण्हते, फेरे पडतात, पंखा आणि पंप मंदावतात आणि उष्णता आतच साठते.

वाटेत काय करावे?

चढावर तेल १२० च्या पुढे गेले तर एक गिअर खाली घ्या आणि वेग कमी करा. १३० ओलांडले तर बाजूला थांबा, पण लगेच किल्ली फिरवू नका. दोन-तीन मिनिटे इंजीन तसेच आरामात चालू द्या; तेल आणि पाणी फिरत राहून उष्णता काढतात. याला दोन अपवाद आहेत. ऑइलचा लाल दिवा लागला, किंवा पाणी फुटून वाफ निघू लागली, तर इंजीन तत्काळ बंद. अशा वेळी 'गावापर्यंत तरी जाऊ' म्हणणे फार महागात पडते. आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे नव्याने सांगायला नको.

काट्यावर, यार्डात किंवा पंपावर भरधाव येऊन झटकन इंजीन बंद करायची सवयही सोडावी. टर्बो लालबुंद असतो आणि तेलाचा पुरवठा एकदम तुटतो. दांड्याशी अडकलेले तेल तिथेच करपून कोळसा होतो. सुरुवातीला सांगितलेल्या गाडीचा टर्बो उघडला तेव्हा हाच काळा कोळसा निघाला. एक-दोन मिनिटे थांबायला डिझेल किती लागते? टर्बोपुढे काहीच नाही.

गार तेलही बरे नव्हे

काही सभासदांची पिकअप घर ते मळा एवढीच फिरते. दोन किलोमीटर जाऊन बंद. तेल तापतच नाही. मग आत धरलेले पाणी आणि न जळलेले डिझेल उडून जात नाही, तेलात मिसळते आणि गाळ होतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास नीट रस्त्याला काढावी.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांबद्दल आणखी एक. ज्या गाड्यांच्या धुराड्यात काजळीची जाळी असते, ती जाळी गरम होऊन स्वतः साफ होते. ते काम वारंवार अर्धवट राहिले तर डिझेल तेलात उतरते. डिपस्टिकवर तेल वाढलेले दिसले आणि डिझेलचा वास आला, तर 'बरे झाले, तेल खात नाही' असे म्हणू नका. तेल पातळ झाले आहे, बदलून घ्या. या गाड्यांना पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचेच तेल घालावे, नाहीतर जाळी तुंबते. तेल काळे झाले म्हणून मात्र घाबरू नये. डिझेल इंजिनात ते काजळीने काळे होतेच.

ट्रॅक्टरला हाच नियम थोड्या फरकाने लागू आहे. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पिकअपपेक्षा जास्त वेळ पूर्ण ताकदीवर असतो. त्याचे तेल किलोमीटरवर नव्हे, तासांवर बदलावे.

शेवटी एवढेच. तोडलेला ऊस वाटेत अडकला की वजनही घटते आणि उताराही. इंजीन बसले तर नुकसान एकट्या गाडीवाल्याचे होत नाही. फडावरच्या टोळीचे, ऊसवाल्याचे आणि कारखान्याचेही होते. रोज सकाळी डिपस्टिक, आठवड्याला जाळी आणि वहीत तीन आकडे, एवढे केले तरी पुरे. गूळ करपला तर एक काहील जाते. तेल करपले तर हंगाम जातो.