मानवाचा आद्य संसार
लेखांक सातवा : टेगसच्या खोऱ्यातील शिंपल्यांची टेकाडे

डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील शिंपल्यांच्या राशींचा वृत्तान्त मागील लेखांकात आला. आज ज्या टेकाडांकडे वळावयाचे ती समुद्रापासून दूर, पोर्तुगालात टेगस नदीला डावीकडून मिळणाऱ्या मूझ नावाच्या उपनदीच्या काठी आहेत. ज्या लिस्बनहून सुटलेल्या हुकमांनी गोव्याचा कारभार शतकानुशतके चालला, त्या शहरापासून नदीच्या वरच्या अंगाला गेले की हा सखल, रेताड मुलूख लागतो. भूस्तरांची पाहणी करणाऱ्या कार्लोस रिबेइरो यांना १८६३ साली या परिसरात जे आढळले, त्याने युरोपातील विद्वानांचे लक्ष वेधून घेतले, आणि १८८० साली लिस्बन येथे प्रागैतिहासिक पुरातत्त्वाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा प्रतिनिधी मुद्दाम ही टेकाडे पाहावयास गेले.

पाहणाऱ्याला प्रथम विस्मय वाटतो तो शिंपल्यांच्या जातींचा. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीच्या चिखलात ज्या वाढतात, अशाच जातींचे शिंपले येथे मोठ्या प्रमाणावर आहेत. आणि आज तर त्या ठिकाणी तसा चिखल नाही. या विसंगतीतूनच त्या प्रदेशाची पूर्वस्थिती उलगडते. हिमयुग ओसरल्यावर सागराची पातळी चढत गेली, भरतीचे खारे पाणी टेगसच्या खोऱ्यात खूप आतवर शिरले, आणि पुढे नदीनेच वाहून आणलेल्या गाळाने ती खाडी हळूहळू भरून काढली. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी, खाडी जिवंत असताना, मध्याश्मयुगातील माणसे येथे येऊन राहिली. शेती त्यांना ठाऊक नव्हती, आणि पाळीव जनावर म्हणावे असा एकटा कुत्रा त्यांच्याजवळ होता. रानडुक्कर, सांबरासारखे तांबडे हरीण, ससे यांची हाडे आणि त्रिकोणी वा समलंब आकाराची गारगोटीची सूक्ष्मास्त्रे शिंपल्यांच्या थरांत मिसळलेली सापडतात.

परंतु या स्थळांचे खरे महत्त्व तेथील दफनांत आहे. रेताड, आम्लधर्मी जमिनीत हाडे काही शतकांत विरून जातात. शिंपल्यांतील चुना मात्र झिरपणाऱ्या पाण्याची आम्लता मारतो, आणि म्हणूनच येथून सुमारे ३०० माणसांचे अवशेष आपल्या हाती आले. जेवून टाकलेल्या टरफलांच्या राशीतच आप्तांना निजविणाऱ्या त्या लोकांना ती जागा उकिरडा वाटत नसणार, असे मला निश्चयाने वाटते. त्यांच्या हाडांतील कर्ब व नत्र यांच्या समस्थानिकांचे मापन झाले, तेव्हा त्यांच्या आहारातील प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मी पाण्यातून आलेली होती, असा दाखला मिळाला. येथे एक खबरदारी घ्यावी लागते : सागरी पाण्यातील कर्ब जुना असल्यामुळे शिंपल्यांचे, तसेच सागरी अन्नावर पोसलेल्या माणसाच्या हाडांचे किरणोत्सारी कर्बाने काढलेले वय वास्तविकतेहून अधिक येते, व ते दुरुस्त करूनच वापरावे लागते.

असे टेकाड म्हणजे थराथराने रचलेले दफ्तर होय, आणि कोणता कागद कोणाच्या वर होता याची नोंद नसेल तर दफ्तराचा उपयोग निम्म्याने सरतो. एकोणिसाव्या शतकातील उत्खनकांनी या टेकाडांपैकी काबेसू दा आर्रुदा येथून सांगाडे जपून काढले, परंतु कोणता सांगाडा कोणत्या थरातला याचा तपशील आज सर्वत्र हाती लागत नाही. मोइता दु सेबाश्तियांव येथील टेकाड तर शेतीच्या इमारतींसाठी सपाट करण्यात आले. १९५२ ते १९५४ या काळात झां रोश आणि वैगा फेरैरा यांनी उरलेला तळ खणला, तेव्हा मूळ जमिनीत रोवलेल्या खांबांचे खळगे, साठवणीचे खड्डे आणि त्यांच्याजवळची दफने उघडी पडली. वरचा ढीग गेल्यावरही तळाने एवढे सांगितले. वरचे थर शाबूत असते तर त्या वस्तीचा सारा क्रम कळला असता. म्हणून जे काही उरले आहे ते थोडे थोडे, प्रत्येक थर चाळून व पाण्याने धुऊन खणावे, आणि काही भाग पुढील पिढीच्या अधिक सूक्ष्म साधनांसाठी मुळीच खणू नये, हेच मला उचित दिसते.

पुढील लेखांकात जपानातील ओमोरी येथे जाऊ. तेथील शिंपल्यांची रास एडवर्ड मोर्स यांना १८७७ साली आगगाडीतून जाताना दिसली, आणि जपानातील शास्त्रीय उत्खननाचा आरंभ तेथूनच झाला.