शेवटचा ‘एस’



‘जरा डोळा लागला’ म्हणजे झोप लागली. पण ‘वाटेकडे डोळे लागले’ म्हटलं की झोप उडालेली असते. दिवस गेला तर संध्याकाळ झाली. दिवस गेले तर घरात पाळणा हलणार! एकाचे अनेक झाले की अर्थ पालटतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीतही असं होतं. फक्त तिथं शब्दाच्या शेवटी एक ‘एस’ लागतो, आणि तो पटकन नजरेत येत नाही.

‘गुड’ म्हणजे चांगलं. ‘गुड्स’ म्हणजे माल, मग तो चांगला असो की सडका. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीतला ‘जी’ तो हाच. ‘कस्टम’ म्हणजे रूढी, ‘कस्टम्स’ म्हणजे परदेशी मालावरची जकात.

आता कर्जाचा कागद घ्या. ‘टर्म’ म्हणजे मुदत, समजा २४ महिने. ‘टर्म्स’ म्हणजे अटी: हप्ता थकला तर दंड किती, विम्याचे पैसे कापणार का. आमच्या गटातल्या एकीनं ‘टर्म वाचली की’ म्हणून सही केली. टर्म्स होत्या मागच्या पानावर, बारीक अक्षरात. दंड लागला तेव्हा तिनं पान उलटलं. चूक एकटीची नव्हती, आम्हीही कुणी उलटलं नव्हतं. मायक्रोफायनान्सचं कर्जकार्ड कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. तेव्हा मराठीत मागायला लाजू नका. (दोघींचं छान जमतं, त्यालाही इंग्रजीत ‘गुड टर्म्स’ म्हणतात. तिथं अटी नसतात!)

शेवटचा शब्द मुलांसाठी. ‘मीन’ माणूस म्हणजे कोत्या मनाचा. ‘मीन्स’ म्हणजे साधन, ऐपत. अंथरुणाबाहेर पाय पसरणाऱ्याला इंग्रजीत ‘बियाँड मीन्स’ जगतो म्हणतात. आठवीतल्या मुलांची ‘एनएमएमएस’ परीक्षा असते, तिच्या नावात हाच ‘मीन्स’ आहे: नॅशनल मीन्स-कम-मेरिट. म्हणजे हुशारीबरोबर घरची ऐपतही पाहतात. पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नको. मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पुढच्या वर्गांत गुण टिकवले तर.

त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. घरात कुणी सातवी-आठवीत असेल तर तो आत्ताच काढून ठेवा, आणि अर्जाची तारीख शाळेत विचारून या.