तारेला कान लावून

विंडोज फायलीची वेळ १ जानेवारी १६०१ पासून मोजतं, तीही सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत. लिनक्सचा काळ सुरू होतो १ जानेवारी १९७० ला. एकाच टेबलावरच्या दोन संगणकांच्या पंचांगांत ३६९ वर्षांचं अंतर! शिवाय नावात एक अक्षर कॅपिटल केलं की लिनक्सला ती वेगळी फाइल वाटते. विंडोजच्या लेखी ती तीच.

तरीही लिनक्सच्या डिस्कवरचा फोल्डर विंडोजच्या पडद्यावर बिनबोभाट उघडतो. कारण विंडोजला ती डिस्क दिसतच नाही. त्याला दिसतात फक्त निरोप: अमुक फाइल उघड, तमुक ठिकाणापासून इतके बाइट दे. या देवाणघेवाणीचे नियम म्हणजे एसएमबी, १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेला प्रोटोकॉल. उत्तर नियमाबरहुकूम आलं, की ते देणारा कोण याच्याशी विचारणाऱ्याला काही कर्तव्य नसतं.

ही फट हेरली ती कॅनबेरात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलनं. १९९१-९२ च्या सुमारास त्याला डॉसच्या पीसीवरून युनिक्स यंत्रावरच्या फायली हव्या होत्या. सर्व्हरचा सोर्स कोड हाताशी नव्हता. मग त्यानं तारेवरून जाणारे पॅकेट पकडले, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर येतं ते पाहिलं आणि तशीच उत्तरं देणारा प्रोग्राम लिहिला. पुढे त्याचंच झालं सांबा. फ्रेंच न येणाऱ्यानं पॅरिसच्या कॅफेत बसून शेजारच्या टेबलांवरच्या ऑर्डरी ऐकाव्यात आणि वेटर काय आणतो ते पाहत भाषा शिकावी, तशी ही पद्धत, असं सांबावाले सांगतात. मायक्रोसॉफ्टकडून अधिकृत दस्तऐवज मिळण्याचा करार झाला थेट डिसेंबर २००७ मध्ये, तोही युरोपीय आयोगाशी झालेल्या कज्जानंतर. तोवर नुसत्या कानांवर भागलं.

पण तारेला कान चोरही लावतो. म्हणून पासवर्ड तारेवरून पाठवतच नाहीत. सर्व्हर एक यादृच्छिक आकडा देतो. समोरचा पासवर्डपासून बनलेल्या गुपितात तो मिसळून फक्त निकाल परत करतो. फायलींचा मजकूर कूटबद्ध करण्याची सोय मात्र बरीच उशिरा, २०१२ मध्ये एसएमबी ३ सोबत आली.

खरी मेख सुरुवातीच्या बोलण्यात आहे. आपल्याला येणाऱ्या आवृत्त्यांची यादी क्लायंट देतो, सर्व्हर त्यातली एक निवडतो. मधल्या लबाडानं यादीतून नव्या आवृत्त्या गाळल्या तर दोघे मुकाट्यानं जुन्या, कच्च्या आवृत्तीवर उतरतील. जुन्याचा मोह किती महाग पडतो, हे मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामनं दाखवलं. विंडोजमधल्या एसएमबी १ च्या भोकातूनच तो पसरला. यादीतल्या लबाडीवरचा एसएमबी ३.१.१ आवृत्तीतला तोडगा मला फार आवडतो. ओळखपाळखीचे सगळे निरोप दोन्ही बाजू आपापल्याकडे हॅश करत जातात आणि पुढच्या किल्ल्या त्या हॅशमधूनच घडवतात. वाटेत यादीतला एक आकडा जरी बदलला, तरी दोघांच्या किल्ल्या वेगळ्या निघतात, सही पटत नाही, आणि पहिली फाइल उघडण्याआधीच क्लायंट जोडणी तोडून टाकतो.