रक्त निवळल्यानंतरची भीती

गाठीचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढला की निदान ‘काढून टाकला’ असे तरी म्हणता येते. रक्ताच्या कर्करोगात काढून दाखवण्यासारखे काही नसते. तीव्र ल्युकेमियाचे निदान होते तेव्हा शरीरात सुमारे एक लाख कोटी कर्करोगपेशी असू शकतात. केमोने त्यातल्या शंभरातल्या नव्याण्णव मारल्या, तरी हजार कोटी उरतात. आणि तेवढ्या उरूनही सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिमज्जा निरोगी दिसू शकते. म्हणून तर लहान मुलांमधल्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात रक्त स्वच्छ दिसू लागल्यावरही औषधे दोन-अडीच वर्षे चालू ठेवतात, आणि दहा हजार पेशींत दडलेली एक पेशी हुडकणाऱ्या चाचण्या करतात. डॉक्टर ‘रेमिशन’ म्हणतात त्याचा अर्थ ‘आजार सापडत नाही’ एवढाच असतो. घरच्यांना मात्र ‘बरा झाला’ असे ऐकू येते. या दोन वाक्यांमध्ये जी फट आहे, तिच्यात रुग्णाला पुढची कित्येक वर्षे काढायची असतात. तेव्हा उपचार संपल्यावरची त्याची भीती हा मनाचा कच्चेपणा नव्हे, ती या आजाराच्या स्वभावातूनच येते. रक्ताची तपासणी जितक्या नेमाने होते तितक्याच नेमाने मनाचीही व्हावी, आणि ती मुंबईत नव्हे तर बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

वैद्यकाला ही गोष्ट ठाऊक नाही असे नाही. कर्करोगातून वाचलेल्या मुलांवरच्या १९८१च्या एका अमेरिकन अभ्यासग्रंथाला, केसाला टांगलेल्या तलवारीखाली बसलेल्या डॅमोक्लिसचे नाव दिले होते. १९८५मध्ये फिट्झह्यू मलन या डॉक्टरांनी, जे स्वतः कर्करोगातून उठले होते, लिहिले की उपचारांनंतरचा काळ हा आजाराचाच वेगळा ऋतू आहे आणि त्याची काळजीही वेगळी घ्यायला हवी. आपल्याकडे टाटा रुग्णालयाने बालपणी कर्करोग झालेल्यांसाठी १९९१मध्ये उपचारोत्तर क्लिनिक सुरू केले. पुढे २००९मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने अशा तरुणांचा ‘उगम’ हा गट उभा राहिला. चांगलीच कामे आहेत ही. पण टाटा रुग्णालय आहे ते मुंबईतले परळ अंबाजोगाईपासून चारशे किलोमीटरहून दूर आहे. केमोसाठी माणूस तिथवर जातो, कारण जिवाचा प्रश्न असतो. ‘रात्री झोप लागत नाही’ हे सांगायला कोण जाणार?

आणि सांगण्यासारखे पुष्कळ असते. साधा ताप आला, हिरड्यांतून रक्त आले, दंडावर निळा डाग दिसला, तर इतरांना ते किरकोळ वाटते. रुग्णाला मात्र पहिल्या खेपेची सुरुवात तशीच झाल्याचे आठवत असते. सीबीसीचा रिपोर्ट हातात पडेपर्यंत घशाखाली घास उतरत नाही. थकवा महिनोन्महिने जात नाही, आणि बीड जिल्ह्यात त्याला आर्थिक अर्थ आहे. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोघांतल्या एकाला फडावर उभे राहवेना तर उरतो अर्धा कोयता, आणि त्यावर मुकादमाकडून मिळणारी उचलही तशीच. तरुण मुलीच्या बाबतीत तर आजाराचे नावच घराबाहेर काढत नाहीत, लग्न जमायचे असते म्हणून. ज्याविषयी बोलायचेच नाही असे घरात ठरले, त्याची भीती बोलणार तरी कुणाशी?

यावर पहिली हरकत अशी की भीती उपयोगाची आहे. ती गेली तर माणूस तपासणी चुकवेल. थोडी सावधगिरी हवीच. पण घाबरलेला माणूस नेहमी सावध असतो असे नाही. वाईट ऐकावे लागेल या धास्तीने तपासणी टाळणारेही असतात. उदासीनतेचे तर २०००मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले: उदासीन रुग्णांनी औषधपाणी न पाळण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट निघाली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात हे फार महागात पडते, कारण तिथे इमॅटिनिबची गोळी वर्षानुवर्षे रोज घ्यायची असते. लंडनमधील ८७ रुग्णांवरच्या २०१०च्या अभ्यासात, नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत रेणूपातळीवर आजार चांगला आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के होती. त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८ टक्क्यांवर उतरली. मन सावरणे हा इथे औषधोपचाराचाच भाग ठरतो.

दुसरी हरकत जास्त जोरकस आहे: घरचे आहेत, भजन-कीर्तन आहे, वारी आहे, वर समुपदेशक कशाला? हा आधार खरा आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. मात्र घरचा माणूस ‘आता विसर ते’ म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या भीतीलाही गप्प बसवत असतो. शिकलेला समुपदेशक ‘काही होणार नाही’ असे खोटे आश्वासन देत नाही. विचार येतोच, पण त्याच्यामागे किती वेळ धावायचे हे शिकवतो. ऑस्ट्रेलियात स्तन, आतडे आणि त्वचेच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २२२ जणांवर हे करून पाहिले गेले. पाच बैठकांनंतर, नुसते शिथिलीकरण शिकलेल्यांपेक्षा हे समुपदेशन मिळालेल्यांची आजार उलटण्याची भीती अधिक उतरली होती. हे रुग्ण रक्ताच्या कर्करोगाचे नव्हते, हे मान्य करायला हवे. तरी भीतीची घडण सारखीच आहे.

उरतो मनुष्यबळाचा प्रश्न. मानसोपचारतज्ज्ञ आहेत कुठे, असे विचारले जाते. याचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळते. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ संस्थेने मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत तीव्र उदासीनतेचे ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के त्यातून बाहेर आले, बाकीच्यांत ३९ टक्के. अंबाजोगाईची तयारी याहून कमी नाही. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे, लोखंडी सावरगावला मानसिक आरोग्याचे केंद्र आहे, गावोगाव आशाताई आहेत, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येते. या चौघांना जोडणारा दुवा तेवढा नाही. सुरुवात रुग्णाच्या फेरतपासणीच्या कार्डापासून करता येईल: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट यांच्या खाली आणखी दोन ओळी, ‘झोप कशी आहे?’ आणि ‘कशाची भीती वाटते?’, आणि ते कार्ड भरताना नर्सताईंना रुग्णासमोर बसायला दहा मिनिटे.