दोन चाकांवरचा घरोबा

सायकलीवरून परगावी निघतो म्हटले, की घरातली वडील मंडळी हटकून विचारतात, "का रे, गाड्या बंद पडल्यात का?" प्रश्न रास्त आहे. आम्हा घाटकोपरकरांच्या बाबतीत तर अधिकच, कारण स्टेशन चार पावलांवर. पण रुळांपलीकडून जुना आग्रा रोडही जातो, आणि अशा रस्त्याचा शेजार माणसाच्या डोक्यात भलती खुळे भरवतो!

या खुळाचे आमचे पूर्वसूरी म्हणजे मुंबईचे पारशी. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कपाडिया. वाळवंटे, आल्प्सचे घाट, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असे सुमारे ४४,००० मैल तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये स्वारी मुंबईला परतली. परतले मात्र पहिले तिघेच. कपाडिया तेहरानहून माघारी वळले होते. हाथीरामांना अमेरिका आवडली, ते तिथेच राहिले. आणि मित्र राहिला म्हणताना पोचखानवालांचे मन प्रवासावरून उडाले. तेही घरी आले. त्या तिघांनी पुढे पुस्तक लिहिले, त्याला पंडित नेहरूंची प्रस्तावना लाभली. वाळवंटातल्या हालअपेष्टा थोर खऱ्या, पण मला चटका लावून जाते ते पोचखानवालांचे परतणे.

माझ्या वडिलांनाही असे एक सोबती होते. पंतनगरात आमची बिऱ्हाडे समोरासमोर. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. १९६८ साली काकांना ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी लागली आणि त्यांचे बिऱ्हाड नाशिकला हलले. आता अशा वेळी काय होते ते वाचकांना ठाऊक आहे. आधी लांबलचक पत्रे, मग पोस्टकार्डे, मग नुसत्या लग्नपत्रिका!

वडिलांनी त्यावर तोड काढली. काकींना भाऊ नाही, वडिलांना बहीण नाही. भाऊबीजेला पहाटे दोनच्या ठोक्याला ते सायकलला टांग मारीत. ठाणे, भिवंडी, शहापूर, कसारा; अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. शहापूरपर्यंत रस्ता प्रेमाने वागवतो. कसाऱ्याच्या घाटात मात्र उतरून सायकल ढकलायची, त्यात कमीपणा नाही. त्या सायकलींना गिअर कुठले? काका नाशिकहून इगतपुरीपर्यंत सामोरे येत. तिथे चहा, आणि मग जोडीने नाशिक. संध्याकाळी काकी निरांजन लावून बसलेल्या असत.

१९८२ च्या गिरणी संपात वडिलांची कारकुनी गेली. त्या दिवाळीला ते निघेनात. रिकाम्या हाताने तबकात घालायचे काय? आई काही बोलली नाही. दुपारी चारच्या सुमाराला दारात घंटी वाजली. काका! घामाने निथळत, कॅरिअरला चिवड्याचा डबा बांधलेला. "तिला गाडीने पाठवलंय, येईलच," एवढेच म्हणाले. काकी आल्या, त्यांनी ओवाळले. वडिलांनी तबकात सुपारी ठेवली. काकींनी ती पदराच्या गाठीला बांधली.

माझे कॉलेज सोडवायचे घाटत होते. चहा पिता पिता काका म्हणाले, "पोराला जूनपासून आमच्याकडे पाठव. तीन पाट मांडतो, तिथे चौथा." मी त्या घरी दोन वर्षे राहून पदवी घेतली. त्या दोन वर्षांचा हिशेब दोन्ही घरांत कुणी कधी काढला नाही.

आता वडील नाहीत, काकाही नाहीत. काकी आहेत, म्हणून भाऊबीजेला मी जातो आणि काकांचा मुलगा इगतपुरीला सामोरा येतो. नाशिकच्या हवेतच सायकल असावी. तिथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. आमची धाव तेवढी नाही. शिवाय ट्रकांची वर्दळ इतकी वाढली आहे, की उजाडायच्या आत भिवंडी मागे टाकलेली बरी.

यंदा काकांच्या नातीने घाटकोपरहूनच माझ्याबरोबर निघायचा हट्ट धरला आहे. तिच्या सायकलीला एकवीस गिअर. कसाऱ्याच्या माथ्यावर आपण थांबू, असे तिने मला कबूल केले आहे.