ग्रामपंचायतीचे प्रगतिपुस्तक

पुणे-नगर रस्त्यावरचे सुपा आता पूर्वीचे राहिलेले नाही. पारनेर तालुका तसा दुष्काळी. बाजरी-ज्वारी पिकवायची आणि आभाळाकडे पाहत बसायचे, ही या भागाची रीत. औद्योगिक वसाहत आली आणि रस्त्याकाठची शेते पाहता पाहता कारखान्यांची झाली. भाड्याच्या खोल्या उठल्या, परप्रांतातले कामगार बायकामुलांसह आले. अशा वाढत्या गावाकडे पाहून जाणारा-येणारा म्हणतो, ‘गाव सुधारलं बरं का!’ पण हे म्हणताना आपण नेमके काय पाहतो? काँक्रीटचा रस्ता, वेशीतली कमान, खांबावरचे दिवे. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचे आणि तीन वर्षांच्या पोराचे कसे चालले आहे, हे कमानीवरून कळत नाही.

कायद्याने तर ही जबाबदारी पंचायतीच्या पदरात कधीच घातली आहे. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिच्यातल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत महिला व बालविकास आहे, समाजकल्याण आहे, अपंगांचे कल्याणही आहे. महाराष्ट्रात तर ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा दंडक आहे. कारखान्यांमुळे ज्या गावाची घरपट्टी वाढते, तिथे ही रक्कमही वाढते.

आता खरी गोम इथे आहे. मार्चअखेर निधी संपला की काम झाले, असे आपण समजतो. पावती लागली, हिशेब तपासनीसाने खूण केली, विषय संपला. पण निधी खर्च होणे निराळे आणि माणसाची अडचण दूर होणे निराळे. ज्याला पायाने चालता येत नाही, त्याला सरसकट वाटलेली एखादी वस्तू हवी होती, की पंचायतीच्या पायऱ्यांशेजारी चाकाची खुर्ची चढेल असा उतार? हे त्याला कोणी विचारले का? विचारले असेल तर पास, नसेल तर नापास. प्रगतिपुस्तक इतके सोपे आहे!

मुलांचेच घ्या. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, म्हणजे अंगणवाडीने पन्नाशी गाठली. अंगणवाडीत खिचडी शिजते एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. पण तिथे मुलाचे वजन होते, उंची मोजली जाते, दंडाचा घेर घेतला जातो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित, हे साधी पट्टी सांगते. तेव्हा ग्रामसभेत विचारायचा प्रश्न ‘किती मुले पटावर आहेत’ हा नव्हे. ‘गावात किती आहेत, आणि पटाबाहेर कोण राहिले’ हा आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराचे मूल मतदाराचे नसेल, म्हणून ते गावाचे नाही काय? मत नसणाऱ्यांची पंचायत कशी दखल घेते, यावरच तिची खरी परीक्षा होते.

मोठ्यांची गोष्ट थोडी अवघड. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे दरमहाचे अनुदान २०१९ मध्ये ६०० चे १००० आणि २०२३ मध्ये १५०० रुपये झाले. पण ते मंजूर होते तहसिलीत. अंगणवाडी चालवते महिला व बालविकास खाते, दवाखाना आरोग्य खात्याचा. म्हणून ‘ते आमच्या हातात नाही’ हे पंचायतीचे ठरलेले उत्तर. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. मंजुरी हातात नसेल, यादी तर हातात आहे? एखाद्या विधवेचा अर्ज कोणत्या दाखल्यासाठी अडला, कोणा आजोबांचे पैसे हयातीच्या दाखल्याअभावी थांबले, हे तालुक्याच्या साहेबाला कसे कळणार? ते गल्लीत राहणाऱ्या पंचालाच कळते.

केरळात पंचायतींनी हे करून दाखवले आहे. तिथल्या सरकारने २००८ साली धोरण ठरवले आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे काम स्थानिक संस्थांकडे दिले. परिचारिका दारी जाते, म्हणून कोण कुठे पडून आहे हे पंचायतीला माहीत असते.

पण केरळ कशाला? आपल्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजते, गावात किती पाणी आहे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. पाण्याचा हिशेब चारचौघांत मांडता येतो, तर माणसांचा का नाही? फळ्यावर चार ओळी पुरेत: वजन कमी असलेली मुले किती, शाळा सुटलेली किती, अनुदान अडलेले वृद्ध व विधवा किती, दिव्यांगांच्या मागण्यांपैकी पुऱ्या किती. नावे नकोत, आकडे हवेत. कोणाची गरिबी वेशीवर टांगायची नाही. मागच्या सभेचा आकडा शेजारी लिहिला, की बोलायला कार्यकर्ता लागत नाही, फळाच बोलतो.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. ती बहुतेकदा सह्यांपुरती उरते. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणते पोर खंगते आहे, हे ज्यांना प्रथम कळते त्या बायांनी हा फळा तिथे भरावा. पुढच्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघेलच, तो निघावाही. फक्त त्याच्या आधी हा फळा वाचून व्हावा.