नागपूरच्या ४४ डिग्रीपेक्षा मुंबईचे ३४ डिग्री का सोसत नाहीत? उत्तर घामात आहे

मे महिना लागला की सोशल मीडियावर एक भांडण ठरलेलं असतं. मुंबईकर ३४ डिग्रीला 'जीव चाललाय' म्हणून स्टोरी टाकतो आणि खाली नागपूर, अकोला, चंद्रपूरवाले तुटून पडतात. आमच्याकडे ४४ आहे, तुमचं कसलं ऊन?

चेष्टा बाजूला ठेवली तर मुंबईकराची तक्रार खोटी नाही. थर्मामीटरचा आकडा हवेबद्दल सांगतो. शरीराला चिंता वेगळीच असते. आपल्या आत तयार होणारी उष्णता बाहेर टाकता येतेय की नाही, एवढंच त्याला बघायचं असतं.

माणसाचं शरीर म्हणजे कायम पेटलेली शेगडी आहे. नुसतं बसून राहिलेला माणूसही साधारण ८० ते १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. पूर्वी घरोघरी असायचा तो शंभरचा पिवळा बल्ब आठवा, साधारण तेवढी. लग्नाच्या हॉलमध्ये सकाळी गारेगार वाटणारा एसी अक्षता पडायच्या वेळी हरतो तो यामुळेच. पाचशे पाहुणे म्हणजे पाचशे बल्ब. ओझी वाहताना, शेतात राबताना हीच उष्णता कित्येक पटींनी वाढते.

ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर स्वस्थ बसलेल्या माणसाचंही तापमान तासाला साधारण एक डिग्रीने चढत जाईल. आतलं तापमान ३७ च्या आसपास असतं, म्हणजे तापाच्या थर्मामीटरवरचं ९८.६. ते ४० च्या वर गेलं की मेंदू गडबडायला लागतो. सुरक्षित आणि जीवघेणं यांत अंतर आहे ते जेमतेम तीन डिग्रींचं.

हे अंतर सांभाळायचं काम मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस करतो. आकाराने बदामाएवढा. त्वचेतल्या नसा त्याला बाहेरची खबर देतात आणि त्याच्यातून वाहणाऱ्या रक्तावरून आतलं तापमान त्याला कळतं. थंडी असेल तर तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून घेतो, अंगावर काटा आणतो, तरी भागलं नाही तर कुडकुडायला लावतो. कुडकुडणं म्हणजे स्नायूंना जबरदस्तीने काम करायला लावून उष्णता तयार करणं. थंडीत मदतीला गोधडी असते, शेकोटी असते. उन्हाळ्यात मात्र त्याच्या हातात दोनच मोठी हत्यारं आहेत.

पहिलं म्हणजे रक्त. आतलं गरम रक्त त्वचेकडे वळवायचं, म्हणजे उष्णता बाहेर जाते. एरवी त्वचेला मिनिटाला अर्धा लिटरही रक्त लागत नाही. कडक उष्म्यात हा आकडा सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय सगळ्या शरीराला मिळून मिनिटाला पाचेक लिटर रक्त पुरवतं, हे लक्षात घेतलं तर त्याच्यावर किती भार पडतो ते कळेल. उष्णतेच्या लाटेत हृदयविकाराचे रुग्ण दगावतात, त्यामागे हा भार असतो. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर बऱ्याचदा उन्हाचा उल्लेखही नसतो.

शिवाय या हत्याराला मर्यादा आहे. त्वचेचं तापमान ३३ ते ३५ डिग्री असतं. हवा त्याहून थंड असेपर्यंतच उष्णता बाहेर जाते. हवा ३५ च्या पुढे गेली की उलटा प्रवास सुरू होतो आणि हवाच शरीराला तापवायला लागते.

मग उरतो फक्त घाम.

घामाचं काम समजायला घरातला माठ पुरेसा आहे. माठातलं पाणी बारीक छिद्रांतून पाझरतं, बाहेर येऊन उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. आपल्या अंगावर अशी वीस ते चाळीस लाख छिद्रं आहेत, म्हणजे घामाच्या ग्रंथी. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो जेवढी उष्णता नेतो, तेवढ्यात सात लिटर साध्या पाण्याला उकळी येईल. इतकी जोरदार व्यवस्था फार थोड्या प्राण्यांकडे आहे. कुत्रा जीभ काढून धापा टाकतो, म्हैस डबक्यात जाऊन बसते. माणूस भर उन्हात मैलोन्‌मैल चालू शकतो तो घामाच्या जोरावर.

फक्त एक अट आहे. घाम वाळला पाहिजे. अंगावरून ओघळून जमिनीवर पडलेला थेंब शरीराला जवळजवळ काहीच गारवा देत नाही, उलट पाणी आणि मीठ तेवढं घेऊन जातो. आणि दमट हवेत तो वाळत नाही, कारण हवेत आधीच वाफ भरलेली असते. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली थंडगार करतो आणि तोच कूलर मुंबईत नुसता चिकचिकाट वाढवतो, त्याचंही कारण हेच.

शास्त्रज्ञ हे मोजतात ते 'वेट बल्ब' तापमानाने. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा द्यायचा. पाणी उडून पारा जितका खाली येईल तितकंच, त्या हवेत घामाने थंड होता येतं. नागपुरात ४४ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा आकडा येतो साधारण २३. मुंबईत ३४ डिग्री आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर येतो २९. भांडणाचा निकाल इथे लागतो. मुंबईकराला घाम जास्त येतो, पण तो कामाला येत नाही.

वेट बल्ब ३५ म्हणजे माणसाच्या सहनशक्तीचा शेवट, असं २०१० मधल्या एका गाजलेल्या शोधनिबंधात मांडलं गेलं होतं. त्या स्थितीत सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊन बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावेल, असा तो हिशेब. पुढे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. २०२२ मध्ये आलेले त्याचे निष्कर्ष जास्त काळजीचे होते. दमट हवेत ३१ च्या आसपासच त्यांच्या शरीराचं तापमान आवरेनासं व्हायला लागलं. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो आणि तहानही उशिरा लागते, त्यांची मर्यादा याहून खाली असणार हे उघड आहे.

याचा अर्थ नागपूरचं ऊन निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. कोरड्या हवेत घाम इतक्या झटपट वाळतो की किती गेला ते कळतच नाही. माणसाला वाटतं घामच आला नाही, आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडतो. ४० च्या पुढे नुसता पंखासुद्धा भट्टीची हवा अंगावर मारतो, त्यामुळे आधी अंग ओलं करावं लागतं. खिशात कांदा ठेवून यातलं काहीच बदलत नाही. तो ताकाबरोबर खाल्लेला बरा, ताकातल्या मिठाचा तरी उपयोग होतो.

आकड्यावर भरवसा ठेवला की काय होतं, ते महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ ला पाहिलं. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो लोक उघड्यावर बसले होते. त्या दिवशी तापमान ३८ च्या आसपास होतं. विदर्भात एप्रिलमधल्या अशा दिवसाला कुणी फारसं मनावर घेत नाही. सरकारी आकड्यानुसार १४ जणांचा जीव गेला.

हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या पेटीतला असतो. डोक्यावर थेट पडणारं ऊन त्यात धरलेलं नसतं. त्यात किनाऱ्याजवळची दमट हवा आणि दाटीवाटीने बसलेला जमाव. गर्दीत वारा अंगाला लागत नाही आणि शेजारचा प्रत्येक जण शंभरचा बल्ब असतो. महिना एप्रिल होता, हेही महत्त्वाचं. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. म्हणून हंगामाची पहिली लाट आणि कामावरचे पहिले दिवस जास्त धोक्याचे.

आता एक गैरसमज, जो जिवावर बेतू शकतो. अंग तापलंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल दिली जाते. तापात ती चालते, कारण ताप शरीराने स्वतः चढवलेला असतो. जंतूंशी लढताना हायपोथॅलॅमस आपला काटा ३७ वरून ३९ वर नेतो. अंग तापत असतानाच हुडहुडी भरते ती त्यामुळे. मेंदूला ३७ ही थंडी वाटायला लागते. पॅरासिटामॉल तो काटा खाली आणते.

उष्माघातात काटा ३७ वरच असतो. शरीर थंड व्हायची धडपड करत असतं, पण त्याला ते जमत नसतं. तिथे गोळी काही करू शकत नाही, उलट आधीच ताणात असलेल्या यकृताला त्रास होऊ शकतो.

उष्माघात ओळखायचा तो मेंदूवरून. उन्हात राहिलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळत चालायला लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर उष्माघातच समजून चालायचं. 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' हे खरं नाही. काम करता करता कोसळलेल्या माणसाचं अंग घामाने चिंबही असू शकतं. १०८ ला फोन लावायचा, पण गाडीची वाट बघत बसायचं नाही. सावलीत आणून कपडे सैल करायचे, सगळ्या अंगावर पाणी ओतायचं आणि पंखा, पुठ्ठा, पदर, जे हाताशी असेल त्याने वारा घालत राहायचं. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवायचा, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळ असतात. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते फुप्फुसात जाऊ शकतं. पाणी अंगावरच ओतत राहायचं, रुग्णवाहिका येईपर्यंत.